घर रंगवताना : भाग ६
झोपायच्या खोलीचा रंग रात्री ठरवा

मागच्या आठवड्यात आपण पुट्टी आणि प्रायमरपर्यंत आलो. भिंत गुळगुळीत झाली की घरात वाद पेटतो तो रंगावरून. दुकानदार शेडकार्ड पुढं करतो, त्यावर नखाएवढे चौकोन असतात आणि आपण बोट ठेवतो ते भर दुपारी, दुकानाच्या उजेडात. झोपायची खोली मात्र आपण बघतो ती जेवणं उरकल्यावर.

उमरीच्या परिसरातल्या जुन्या माळवदाच्या घरांत एवढा घोळ नव्हता. पांढऱ्या मातीचा पोतारा किंवा चुन्याची सफेदी, चुन्यात चिमूटभर नीळ आणि खाली गेरूचा पट्टा. यात हौसेपेक्षा हिशेब जास्त. चुन्याची पिवळसर झाक निळीनं मरते आणि भिंत आणखी पांढरी दिसते. लहानशा खिडकीतून येणारा उजेड अशी भिंत खोलीभर परतवते. पाठ टेकून मळणारा खालचा भाग गेरूत खपून जातो. वर फिकं, खाली गडद, ही जोडी स्लॅबच्या घरातही तेवढीच उपयोगाची आहे.

निवड सुरू करायची ती खोलीत जे बदलणार नाही त्यापासून : फरशी, दार, पलंग, लग्नातलं लोखंडी कपाट. शहाबादी फरशी करडी-निळसर. तिच्यावर पुन्हा करडी भिंत घेतली की खोली उदास होते. तिथं सायीचा किंवा मातकट गुलाबी रंग बसतो. सागवानी दाराशेजारी फिका हिरवा खुलतो. शेजार बदलला की तोच रंग वेगळा दिसतो. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात भिंतीवर लावायची चित्रवस्त्रं विणत. तिथला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार आली. रंगाईचं काम पाहणारे रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांनी शोध घेतला तर खोट काळ्यात नव्हतीच, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळं तो तसा दिसत होता. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. तेव्हा शेडकार्ड घरी आणा आणि कपाटाला, फरशीला लावून बघा.

मग दिशा. पश्चिमेच्या खोलीत उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत तांबूस ऊन असतं; तिथं पिवळा किंवा केशरी रंग अंगावर येतो, फिका निळा-हिरवा निववतो. उत्तरेच्या खोलीतला उजेड थंड आणि एकसारखा, तिथं उबदार रंग घ्या. एक गैरसमज मात्र काढून टाका : आतल्या निळ्या रंगानं खोलीचं तापमान उतरत नाही, फक्त डोळ्यांना गार वाटतं. ताप कमी करायचा तर बाहेरची भिंत आणि स्लॅबचा वरचा भाग पांढरा हवा.

प्रमाणाचा ढोबळ नियम ६०-३०-१०. साठ टक्के भिंतींचा मुख्य रंग, तीस टक्के पडदे, चादरी, एखादी वेगळी भिंत आणि उरलेले दहा टक्के भडक काहीतरी : उशीचा अभ्रा, फोटोची चौकट. हौसेचा लाल रंग या दहात बसवा, तो कंटाळवाणा झाला तर बदलायला अभ्र्याचाच खर्च.

लाल भिंत टाळण्याचं आणखी एक कारण आहे. उजेड मंदावला की डोळ्याला लाल रंग आधी काळपट दिसू लागतो. निळा-हिरवा त्या मानानं उजळ राहतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८२५ साली हे नोंदवलं. दिवसा रुबाबदार वाटणारी गडद लाल भिंत झिरोच्या बल्बात म्हणूनच काळवंडते. बल्बचाही रंग असतो. ६५०० केल्विनचा पांढरा उजेड सायीचा रंग निस्तेज करतो, २७०० चा पिवळसर उजेड निळ्याला मळकट करतो. आधी दिवा ठरवा, मग रंग.

शेवटी नमुना. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर पुट्टी-प्रायमर लावून रंगाचे दोन हात द्या. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, वाळल्यावर थोडं गडद होतं. चुन्याचं उलट, वाळल्यावरच पांढरा फुटतो. पूर्ण वाळल्याशिवाय मत देऊ नका. पुठ्ठा खिडकीशेजारी, खिडकीसमोर आणि पलंगाच्या उशाशी ठेवून सकाळी, चार वाजता आणि दिवा लावून बघा. चार भिंतींवर चढलेला रंग एकमेकांवर उजेड टाकून आणखी दाट दिसतो, म्हणून दोन छटांत मन अडकलं तर फिकी घ्या. डबा मिसळून घ्यायचा तो यानंतर, कारण मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही.

पुढच्या भागात : पावसाळ्यात भिंतीला ओल का धरते आणि रंगाचे पापुद्रे का सुटतात.