विमानातली तब्येत (भाग ६) : ‘फिट टू फ्लाय’ कोण ठरवतं?

“आमच्या डॉक्टरांनी प्रवास चालेल म्हणून लिहून दिलंय, मग विमान कंपनीला आणखी कसला फॉर्म हवा?” रुग्णाला घेऊन निघालेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्यापेक्षा, रुग्णाचं तोंडही न पाहिलेल्या कंपनीच्या डॉक्टरांना जास्त काय कळणार? पण आपल्या डॉक्टरांना रुग्ण माहीत असतो आणि कंपनीच्या डॉक्टरांना केबिन. दोघांची माहिती एकमेकांना भेटल्याशिवाय परवानगी देता येत नाही, आणि ती भेट घडवण्यासाठीच हा फॉर्म आहे.

केबिनमधली हवा कशी असते, ते मागच्या भागांत ओझरतं आलं होतं. आज ते नीट पाहू, कारण सगळे नियम तिथूनच निघतात. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडत असताना केबिनमध्ये दाब राखलेला असतो, पण तो जमिनीवरच्याइतका नसतो. नेहमीच्या उड्डाणात तो ८,००० फुटांवरच्या दाबाखाली जाऊ द्यायचा नाही, असा विमानांच्या रचनेचा नियम आहे. ८,००० फूट म्हणजे २,४३८ मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारख्या नव्या विमानांत हा आकडा ६,००० फुटांच्या आसपास ठेवता येतो, तरीही आपण कळसूबाईच्या वरच असतो. मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील मुंबईहून थेट विमानाने गेले, तर पंधरा-सोळा तास त्या उंचीवर बसून राहतात.

याचे शरीरावर दोन परिणाम होतात. पहिला प्राणवायूचा. हवेत तो २१ टक्केच असतो, पण दाब घटल्यामुळे ८,००० फुटांवरच्या श्वासातून मिळतो तो जमिनीवर १५ टक्के प्राणवायू असलेल्या हवेतून मिळावा तेवढाच. धडधाकट माणसाचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ९७-९८ वरून ९०-९३ च्या घरात उतरतं आणि त्याला पत्ताही लागत नाही. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे घरीच ९२ वर असलेल्या आजोबांचं मात्र फार खाली घसरू शकतं. तूट भरून काढायला हृदय जोरात धावतं. नुकताच झटका येऊन गेलेल्या हृदयाला तेच परवडत नाही, म्हणून गुंतागुंत नसली तरी साधारण ७ ते १० दिवस थांबायला सांगतात. बायपासनंतर किमान १० दिवस. फुप्फुसाच्या रुग्णासाठी डॉक्टर एक साधी चाचणी घेतात : सपाट जमिनीवर ५० मीटर चालून दम लागतो का? शंका उरली, तर श्वसनविकाराच्या प्रयोगशाळेत १५ टक्के प्राणवायूची हवा सुमारे वीस मिनिटं श्वासात देऊन सॅच्युरेशन किती उतरतं ते मोजता येतं. म्हणजे विमानात काय होईल, ते जमिनीवरच बघायचं.

दुसरा परिणाम वायूच्या फुगण्याचा. शरीरात कुठे हवा अडकली असेल, तर ती या उंचीवर सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. कान दडे बसून आपल्याला हे सांगतातच. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यातला वायू फुगला तर ताज्या टाक्यांवर ताण येतो, म्हणून साधारण १० दिवस. दुर्बिणीतून केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर पोटात भरलेला वायू जिरला असेल, तर एक-दोन दिवसांतही जाता येतं. फुप्फुसाभोवती हवा साठून फुप्फुस दबलं असेल, तर ते पूर्ण फुगल्याचं एक्स-रेवर दिसल्यानंतरही आठवडाभर थांबावं लागतं. अगदी पायाच्या प्लास्टरमध्येसुद्धा हवा अडकते आणि आत पाय सुजतो. त्यामुळे लांबच्या प्रवासाआधी ४८ तास जाऊ द्यायचे, किंवा प्लास्टर उभं चिरून घ्यायचं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती डोळ्याच्या रुग्णांची, कारण त्यांना स्वतःला आपण रुग्ण आहोत असं वाटतच नाही. डोळ्याचा पडदा सुटल्यावर करतात त्या शस्त्रक्रियेत, पडदा जागेवर दाबून धरण्यासाठी पुष्कळदा डोळ्यात विशिष्ट वायूचा बुडबुडा सोडतात. माणूस हिंडता-फिरता असतो, दुखत काही नसतं, भाच्याच्या लग्नाचं तिकीट काढलेलं असतं. विमान वर चढलं की बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो, पडद्याचा रक्तपुरवठा थांबू शकतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. वापरलेल्या वायूनुसार हा बुडबुडा जिरायला दोन आठवड्यांपासून सहा-आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. तोवर विमान नाही, आणि महाबळेश्वरसारख्या उंच जागी गाडीने जाण्याआधीही डोळ्याच्या डॉक्टरांना विचारायचं. वायूऐवजी सिलिकॉन तेल घातलं असेल तर ही अडचण नसते, कारण तेल फुगत नाही. म्हणून ऑपरेशननंतर घरी येतानाच विचारून ठेवा : डोळ्यात वायू सोडलाय का, कोणता, आणि किती दिवसांसाठी?

असंच न दिसणारं आणखी एक प्रकरण तारकर्लीचं. स्कुबा डायव्हिंग करून त्याच संध्याकाळी गोव्याहून विमान पकडण्याचा बेत आखू नका. पाण्याखालच्या दाबामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर गेल्यावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबायला सांगतात. पूर्ण दिवस थांबलात तर उत्तम.

आता फॉर्मकडे. त्याला ‘मेडिफ’ म्हणतात. विमान कंपन्यांची जागतिक संघटना ‘आयाटा’ हिने त्याचा नमुना ठरवला आहे आणि कंपन्या तोच थोड्याफार फरकाने वापरतात. एक भाग प्रवाशाने भरायचा, दुसरा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी. आजाराची सुरुवात आणि शस्त्रक्रियेची तारीख, सॅच्युरेशन, हिमोग्लोबिन, वाटेत प्राणवायू लागेल का आणि मिनिटाला किती लिटर, हे सगळं त्यात येतं. घाईत लोक ज्या प्रश्नांवर नुसती खूण करून मोकळे होतात, ते मात्र साधे दिसतात : रुग्ण सीट सरळ करून बसू शकतो का? एकटा जेवू शकतो का? शौचालयात एकटा जाऊ शकतो का? केबिन क्रूला फक्त प्रथमोपचाराचं प्रशिक्षण असतं. ते रुग्णाला उचलत नाहीत, इंजेक्शन देत नाहीत, आणि अन्न वाढायचं असल्यामुळे शौचाच्या कामात मदत करत नाहीत. तेव्हा इथे संकोचाने ‘हो’ लिहू नका. सोबतीला माणूस लागणार असेल तर तसं स्पष्ट लिहा. रुग्णाला आडवंच न्यायचं असेल, तर स्ट्रेचरसाठी इकॉनॉमीतल्या अनेक सीटा अडतात आणि त्या सगळ्यांचं भाडं भरावं लागतं.

घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात चालत नाही. कंपनीकडून आधी मागवायचा, किंवा मान्यताप्राप्त पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर न्यायचा, तोही प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल एवढ्या बॅटऱ्यांसह. वाटेत विमान बदलणार असाल आणि पुढची कंपनी वेगळी असेल, तर तिची परवानगी वेगळी घ्यावी लागते. फॉर्म सहसा किमान ४८ तास आधी द्यायचा. फार आधीचाही चालत नाही, कारण महिन्यापूर्वीची तब्येत आजची नसते. परतीच्या प्रवासाचा विचार लोक विसरतात. मुलाकडे असताना अँजिओप्लास्टी झाली, तर जातानाची परवानगी येताना उपयोगाची नाही.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. हा फॉर्म आजारासाठी आहे, अपंगत्वासाठी नाही. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्या सीटवर बसल्या होत्या, तरी त्यांना विमानातून उतरवलं गेलं. त्यांना ना कुठला आजार होता, ना प्रवासाचा धोका. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्यानंतरही मे २०२२ मध्ये रांचीला एका विशेष मुलाला विमानात घेतलं गेलं नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने नियम सुधारला. अपंगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येत नाही. वाटेत तब्येत बिघडेल अशी शंका कंपनीला आली, तर डॉक्टरांनी प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून स्पष्ट मत द्यायचं आणि मगच कंपनीने ठरवायचं. नकार दिलाच, तर कारणं लगेच लेखी द्यायची. नुसती व्हीलचेअर हवी असेल किंवा चढता-उतरता हात हवा असेल, तर मेडिफ मागण्याचा अधिकार कंपनीला नाही. काउंटरवर कुणी तो मागितला, तर शांतपणे डीजीसीएच्या नियमाचा उल्लेख करा, ड्यूटी मॅनेजरला बोलवा आणि जे काही सांगायचं ते लेखी द्या म्हणा.

(पुढच्या आठवड्यात : गरोदरपण आणि विमानप्रवास)