पाच मायक्रॉनची चूक

काही वर्षांपूर्वी चिखली तालुक्यात एका नातेवाइकांच्या अंगणात आम्ही त्यांचा ट्रॅक्टर बिघडवला. मे महिना होता, नांगरट अर्धी राहिली होती आणि लिफ्ट अडकत होती. लीव्हर ओढला तरी नांगर कधी उचलला जाई, कधी नाही. मिस्त्री दुसऱ्या दिवशी येणार होता. आम्ही नांगर जमिनीवर टेकवला (उचललेल्या अवजाराखाली कधीही हात घालू नये), इंजिन बंद केले आणि व्हॉल्व्हचा ठोकळा सोडवला.

ठोकळ्यातल्या गुळगुळीत भोकात खाचा असलेली एक पोलादी दांडी सरकते. तिला स्पूल म्हणतात. ती एका बाजूला सरकली की पंपाचे तेल सिलिंडरकडे जाते व नांगर उचलला जातो. दुसऱ्या बाजूला सरकली की तेल टाकीत परतते. मधोमध असताना तेल कोंडले जाते आणि नांगर अधांतरी राहतो.

स्पूल केवळ लीव्हरचेच ऐकतो असे नाही. काळ्या जमिनीत कडक पट्टा लागला की नांगरावरची ओढ वाढते, एक स्प्रिंग दाबली जाते, स्पूल किंचित सरकतो आणि नांगर आपोआप थोडा वर येतो. हॅरी फर्ग्युसन यांची ही रचना १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. त्याच वर्षी अमेरिकेत हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स जाहीर झाला. त्यातही स्पूलच होते. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा तेलाचा दाब एकीकडून, स्प्रिंग दुसरीकडून. दाब वरचढ ठरला की गिअर बदलतो. आजच्या स्वयंचलित ट्रकमध्ये हुकूम संगणक देतो, पण तेलाची वाट बदलायला बहुधा स्पूलच लागतो.

आम्ही तो अडकणारा स्पूल पॉलिश पेपरने तासभर घासला. सुरेख सरकू लागला. सकाळी लिफ्ट चाललीही. दुपारी तेल तापले आणि उचललेला नांगर हळूहळू खाली बसू लागला.

स्पूल आणि भोक यांच्यातली फट सुमारे दहा मायक्रॉनची असते. वर्गात शंभर पानी वहीच्या पानांची जाडी मोजून ५० ने भागावी. एक कागद सत्तर-ऐंशी मायक्रॉन भरेल. फट त्याच्याही सातव्या-आठव्या हिश्शाची. आम्ही पाचेक मायक्रॉन घासले असतील, म्हणजे फट दीडपट. मग गळती दीडपट व्हावी? नाही. तेल दोन्ही भिंतींना चिकटून राहते, म्हणून फटीतील त्याचा वेग फटीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय वाट रुंद झालेलीच असते. दोन्ही मिळून गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दीडचा घन ३.३७५. त्यात तापलेले तेल पातळ. खाचांच्या धारदार कडाही आम्ही बोथट केल्या होत्या, ते वेगळेच.

मिस्त्रीने आधी सिलिंडरमधील पिस्टनचे सील तपासले, कारण ते खराब असले तरी लिफ्ट उतरते. ते ठीक होते. मग त्याने स्पूल पाहिला आणि आमच्याकडे पाहिले. स्पूल व ठोकळा एकमेकांशी जुळवलेले असतात, म्हणून नवी जोडीच लागली. ती खामगावहून येईपर्यंत तीन दिवस गेले. बसवताना त्याने सगळे भाग डिझेलमध्ये ब्रशने धुतले, चिंधी जवळही येऊ दिली नाही. तिचा एक धागा स्पूल अडवायला पुरतो. मूळ दोष बहुधा तेवढाच होता. तेल ओतायचा डबा गोठ्यात उघडाच पडलेला होता.