पूल एका रात्रीत पडत नाही

ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाहीत, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय. फक्त माझे 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत.

आजचा प्रश्न साधा आहे. आपण ज्या पुलावरून जातो तो ठणठणीत आहे, हे कोण ठरवतं? आणि कसं?

२ ऑगस्ट २०१६, महाड

सुरुवात सावित्री नदीपासून करू या. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ या नदीवर दोन पूल शेजारी शेजारी होते. एक नवा आणि एक ब्रिटिशांच्या काळातला, १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री धो धो पाऊस होता. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, आणि तिथे कोसळलेला पाऊस घाट उतरून थेट महाडकडे येतो. त्या रात्री जुना पूल वाहून गेला. अंधारात पुढे पूल नाही हे ड्रायव्हरला दिसणार कसं? मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी आणि एक खाजगी गाडी सरळ नदीत गेली. सुमारे ४० माणसं गेली. नौदलाचे पाणबुडे कित्येक दिवस शोध घेत होते.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात जास्त टोचणारा भाग. त्या पुलाची तपासणी झालेली होती. त्याच वर्षी, मे महिन्यात. सरकारनेच नंतर सांगितलं की त्या तपासणीत पूल वाहतुकीला धोकादायक असल्याचं आढळलं नव्हतं.

म्हणजे कागदावर पूल ठीक होता. तीन महिन्यांत असं काय झालं? हे समजून घ्यायचं तर थोडं पाण्याखाली जायला लागेल.

पायाखालची वाळू

समुद्रावर गेल्यावर लाटेत उभे राहिला असाल ना? लाट मागे जाते तेव्हा टाचांखालची वाळू सरकते आणि आपण किंचित खाली जातो. पुलाच्या खांबाचं पुरात अगदी हेच होतं. वेगाने येणारं पाणी खांबावर आदळतं, खाली वळतं, खांबाभोवती भोवरा करतं आणि तळाची माती-वाळू उकरून नेतं. इंजिनिअर लोक याला 'स्कावर' म्हणतात. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की खांबावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. पुरात पूल जातात त्यामागचं हे एक फार मोठं कारण आहे, आणि हे जगभर दिसतं.

यात एक फसवी गोष्ट आहे. पूर चढलेला असतो तेव्हा खड्डा सगळ्यात खोल असतो, आणि तेव्हा तिथे कुणी जाऊ शकत नाही. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने परत भरतो. उन्हाळ्यात जाऊन बघितलं तर तळ सपाट आणि शांत. पण तो गाळ भुसभुशीत असतो, पायाला आधार देत नाही. म्हणून वरून नुसतं डोळ्यांनी बघितलेली तपासणी पुरेशी नसते. खांबाजवळची खोली मोजायला लागते, दरवर्षीच्या आकड्यांशी ताडून बघायला लागते, आणि गरज पडली तर पाणबुडा उतरवायला लागतो.

त्यात वाळूउपशाची भर. पुलाजवळून वाळू काढली की नदीचा तळच खाली जातो आणि पाया उघडा पडतो.

कमानीच्या पुलाची अजून एक गंमत (गंमत म्हणायची नाही खरं तर). त्यातल्या कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात. मधला एक खांब गेला की शेजारच्या कमानीचा आधार सुटतो. म्हणून असा पूल गेला की बऱ्याचदा एकच गाळा जात नाही, एकामागून एक जातात.

नवा पूल म्हणजे सुरक्षित पूल?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, दगडी पूल होता, जुना होता. मग हे ऐका. ९ जुलै २०२५ ला गुजरातमध्ये आणंद आणि वडोदरा जिल्ह्यांना जोडणाऱ्या गंभीरा पुलाचा एक गाळा सकाळच्या रहदारीत महीसागर नदीत कोसळला. तो पूल १९८५ चा होता, म्हणजे फक्त ४० वर्षांचा. प्राथमिक चौकशीत दोष निघाला तो पेडेस्टल आणि गाळ्यांच्या सांध्यात. म्हणजे खांबावर जिथे गाळा टेकतो आणि एक गाळा दुसऱ्याला जोडला जातो, तिथे.

काँक्रीटचे पूल आतून सडतात. रस्त्यावरचं पाणी बाहेर जायला पुलाला छोटे पाइप असतात. ते मातीने तुंबले की पाणी साठतं, भेगांतून झिरपतं आणि आतल्या लोखंडी सळईपर्यंत पोचतं. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि वरचे पोपडे पडतात. मग सळई उघडी, अजून पाणी, अजून गंज. सुरुवात कुठून झाली? एका तुंबलेल्या पाइपपासून. तो साफ करायला एक माणूस आणि एक लोखंडी सळी पुरते. दहा वर्षं तो साफ केला नाही तर मात्र खर्च कोटींत जातो.

बेअरिंगचंही तेच. उन्हात पूल लांबतो, थंडीत आखडतो. ही हालचाल होऊ द्यायला गाळ्याखाली बेअरिंग असतात आणि वर एक्स्पान्शन जॉइंट. गाडी जाताना 'धडक-धडक' वाजतं ना, ते तेच. बेअरिंग अडकलं की सगळा ताण खांबावर जातो.

मग जबाबदार कोण?

इथे खरा गोंधळ आहे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, पण त्याचं काम कुठे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण बघतं तर कुठे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची वेगळी शाखा. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. गावातले रस्ते बहुतेक जिल्हा परिषदेचे. एकाच प्रवासात तुम्ही तीन मालकांच्या पुलांवरून जाता!

महाडनंतर काही गोष्टी बदलल्या. सावित्रीवर १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला सुरू झाला. २०१६ च्याच ऑक्टोबरमध्ये केंद्राने देशातल्या महामार्गांवरच्या पुलांची नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू केली. दीड लाखाहून जास्त लहानमोठे पूल आणि मोऱ्या मोजल्या, प्रत्येकाला क्रमांक आणि स्थितीचे गुण दिले. काम चांगलंच आहे. पण ही जनगणना आहे, औषध नाही. नोंद झालेला पूल दुरुस्त झालाच असं होत नाही. १६५ दिवसांत नवा पूल होऊ शकतो, तर पाइप साफ करायला मुहूर्त का लागतो, हा माझा प्रश्न आहे.

तुम्ही काय करू शकता?

पाया आपल्याला दिसणार नाही. पण चार गोष्टी दिसतात: कठड्यातून उगवलेला पिंपळ किंवा उंबर (मुळं सांधे फोडतात), उघडी पडलेली गंजकी सळई, वाकलेली किंवा एका जागी खचलेली कठड्याची रेषा, आणि पाऊस थांबल्यावरही पुलावर साठलेलं पाणी. दिसलं तर सुरक्षित जागी थांबून फोटो काढा, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहून घ्या. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला फोन करा किंवा 'राजमार्गयात्रा' ॲपवर टाका. राज्याचा रस्ता असेल तर 'आपले सरकार' पोर्टल आहे. तक्रारीचा नंबर जपून ठेवा. नंतर 'आम्हाला कुणी कळवलंच नाही' असं म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी तरी.

आणि पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालू नका. पुढचा गेला म्हणून तर अजिबात नको. त्या रात्री महाडलाही कुणाला तरी पुढे कुणी गेल्यासारखंच वाटलं असेल.

यंदा गणपतीला कोकणात जाताना सावित्रीचा पूल लागला की हेडफोन काढा आणि खिडकीतून एकदा खाली बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!