छायाचित्राची पुष्पिका

पोथीच्या अखेरीस लेखकानें आपलें नांव, शक, तिथि व स्थळ लिहून ठेवावें, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. त्या चार ओळींवरून पोथीचा काळ ठरतो, तिची परंपरा कळते, आणि दोन प्रतींत पाठभेद आढळल्यास कोणती प्रत कोणाच्या हातची हें सांगतां येतें. पुष्पिकेचें पान गळालेली पोथी हातीं आली म्हणजे जी हळहळ वाटते, ती आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु तोच संग्राहक आपल्या लेखाबरोबर एखादें छायाचित्र छापतांना तें कोणीं काढलें हें लिहावयाचें विसरतो. किंवा चित्र सुबक दिसावें म्हणून त्याच्या कडा कापतो आणि त्यांबरोबर काढणाराचें नांवहि आपल्याच हातानें नाहींसें करितो. काढणाराचें नांव देणें हा केवळ शिष्टाचार नसून पुराव्याचाच एक भाग आहे, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

उदाहरणासाठीं आम्ही राई हें गांव घेतों. साष्टीच्या वायव्य भागांत भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें लागतात. खाडीच्या पलीकडे वसईचा किल्ला, अलीकडे धारावीचें ठाणें. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेचा हा मुलूख. आज हीं गांवें मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतात. शेत, मिठागर व जुनें घर यांचें रूप जेथें डोळ्यांदेखत पालटतें, तेथें मागील पिढीनें काढलेलें एखादें छायाचित्र हाच कित्येकदां एकमेव साक्षीदार उरतो.

समजा, राईंतील एखाद्या घरच्या आल्बमांत मिठागराचें एक चित्र मिळालें, आणि तें ‘जुनी राई’ एवढ्याच मथळ्यानें कोणीं छापलें. मिठागर उरणचें असो, वसईचें असो कीं राईचें असो, चित्रांत तें सारखेंच दिसतें. पाण्याचे वाफे, बांध व मिठाच्या राशी यांवरून गांव ओळखूं येत नाहीं. उलट, काढणाराचें नांव ठाऊक असेल तर पुढील शोधास वाट सांपडते. तो त्या गांवीं केव्हां राहिला, कोणत्या सालीं त्यानें कॅमेरा घेतला, त्याच्या घरीं निगेटिव्हा शिल्लक आहेत काय, त्याच पट्टीवर मागेंपुढें दुसरीं कोणतीं चित्रें आहेत, हे प्रश्न विचारतां येतात. शेजारच्या चित्रांत एखादें लग्न किंवा तारखेचा फलक आढळला, तर मिठागराच्या चित्राचाहि काळ ठरतो. नांव गेलें कीं हे सर्व दरवाजे एकदम बंद होतात. आणि ‘जुनी राई’ हा मथळा एकदां छापला गेला म्हणजे पुढील लेखक तो निःशंकपणें उतरून घेतो.

या बाबतींत पूर्वींच्या ग्रंथकारांची रीत पाहिली असतां चांगलीं व वाईट दोन्ही प्रकारचीं उदाहरणें सांपडतात. मेजर रॉबर्ट गिल यांनीं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामास १८४४ सालीं आरंभ केला. त्या नकलांपैकीं बऱ्याच १८६६ सालीं लंडन येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. गिल यांनीं लेण्यांचीं छायाचित्रेंहि घेतलीं होतीं, आणि १८६४ सालीं जेम्स फर्ग्युसन यांनीं हिंदुस्थानांतील लेण्यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत त्यांपैकीं ७४ घातलीं. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच हीं चित्रें मेजर गिल यांनीं प्रत्यक्ष जागेवर घेतलेलीं असून वर्णन फर्ग्युसन यांचें आहे, असें स्पष्ट म्हटलें आहे. वर्णन एकाचें व चित्र दुसऱ्याचें ही वाटणी अशी उघड केल्यामुळें आज दीडशें वर्षांनंतरहि चित्राविषयीं शंका निघाली तर ती कोणाच्या कामाकडे न्यावयाची हें कळतें.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, म्हणजे १८६६ सालीं, विजापूरच्या इमारतींवर एक मोठा ग्रंथ निघाला. ऐतिहासिक वृत्तांत मेडोज टेलर यांचा व वास्तुविषयक टीपा फर्ग्युसन यांच्या. मुखपृष्ठावर जागेवरील छायाचित्रांसाठीं कर्नल बिग्ज व कैलासवासी मेजर लॉक यांचीं, आणि ज्या रेखाचित्रांवरून छायाचित्रें घेतलीं त्यांसाठीं कॅप्टन हार्ट व कमिंग यांचीं नांवें दिलीं आहेत. त्यांच्याच पंक्तीस ‘देशी नकाशेकार’ एवढाच उल्लेख येतो. गोल घुमटाचीं व इब्राहीम रोज्याचीं मापें घेऊन कागदावर उतरविणारे हे लोक कोण, कोठले, कोणाच्या हाताखालीं शिकलेले, हें त्या शब्दांवरून कळत नाहीं. त्यांचें काम ग्रंथांत राहिलें, ते मात्र मुखपृष्ठाबाहेर राहिले. ही चूक परक्यांची म्हणून तिजवर बोट ठेवणें सोपें आहे. परंतु ‘एका स्नेह्याकडून मिळालेलें चित्र’ असें जेव्हां आपण लिहितों, तेव्हां आपणहि तेंच करीत असतों.

तिसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. १८६८ ते १८७५ या काळांत हिंदुस्थानांतील लोकांचीं चित्रें असलेला आठ भागांचा ग्रंथ फोर्ब्स वॉटसन व के यांनीं लंडन येथें संपादिला. चित्रें पुरविणारांची नामावळी प्रस्तावनेंत दिली आहे. परंतु कोणतें चित्र कोणाचें हें प्रत्येक चित्राखालीं सांगितलेलें नाहीं. संपादकांनीं ऋण मान्य केलें, पण वाचकास त्याचा उपयोग होईल अशा जागीं केलें नाहीं. लेखाच्या अखेरीस सर्वांचे एकत्र आभार मानणारे आपले लेखक याच मार्गानें जातात. नांव चित्राशेजारीं असलें पाहिजे. कारण उद्यां कोणी तें एकच चित्र उचलून नेईल, आभाराचें पान नेणार नाहीं.

आतां राईच्या शेजारीं येऊं. खाडीपलीकडील वसईच्या अवशेषांवर लिहिणारास जोसेफ गेर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांविषयींचा ग्रंथ टाळतां येत नाहीं. तो १८७६ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला, आणि त्यांत १७ छायाचित्रें, ९ शिलाछाप चित्रें व एक नकाशा असल्याचें मुखपृष्ठावर म्हटलें आहे. त्यांतील एखादें चित्र घेऊन त्याखालीं ‘द कुन्हा यांचें छायाचित्र’ असें लिहिण्याचा मोह होतो. पण द कुन्हा हे ग्रंथाचे कर्ते. तेवढ्यावरून चित्र त्यांनींच काढलें असें सिद्ध होत नाहीं. ग्रंथकर्ता, छायाचित्रकार व आज ती प्रत ज्याच्या कपाटांत आहे तो मालक हीं तीन निराळीं माणसें असूं शकतात. तेव्हां ‘द कुन्हा यांच्या १८७६ च्या ग्रंथांतून, छायाचित्रकाराचें नांव मुखपृष्ठावर नाहीं’ एवढेंच प्रामाणिकपणें लिहावें. अज्ञात म्हणण्यांत कमीपणा नाहीं. अंदाजास निश्चयाचें रूप देण्यांत मात्र दोष आहे.

दुकानाच्या शिक्क्याविषयींहि असाच विवेक हवा. पुठ्ठ्यामागें छापलेलें नांव बहुधा संस्थेचें असतें. बोर्न आणि शेफर्ड या पेढीचे सॅम्युअल बोर्न १८७० च्या सुमारास स्वदेशीं परतले, तरी पेढी त्याच नांवानें पुढें चालली. म्हणून शिक्का असेल तर ‘अमुक पेढी’ असें लिहावें, व्यक्तीचें नांव स्वतंत्र पुराव्याशिवाय जोडूं नये. तसेंच चित्रांत केलेला फेरफार सांगावा. विल्यम जॉन्सन यांनीं १८६३ व १८६६ सालीं मुंबईंतील जातिजमातींच्या चित्रांचे जे दोन भाग काढले, त्यांतील माणसें एका ठिकाणीं घेऊन त्यांच्या पाठीमागें दुसऱ्या छायाचित्रांतील देखावे जोडलेले आहेत. हें ठाऊक नसलेला वाचक त्या माणसाचा पोशाख व पाठीमागची इमारत यांचा संबंध जोडून फसेल.

कायद्याची दिशाहि लक्षांत घेण्याजोगी आहे. १९१४ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत जी व्यवस्था लागू झाली, तींत मूळ निगेटिव्ह तयार झाली त्या वेळीं ती ज्याच्या मालकीची तोच छायाचित्राचा कर्ता समजला जाई, आणि हक्काची मुदत निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षें होती. १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ रोजीं अंमलांत आला, व त्यानें छायाचित्र काढणारी व्यक्ति हीच कर्ता ठरविली. म्हणजे काचेच्या मालकावरून कायद्याची नजर कॅमेऱ्यामागील माणसाकडे वळली. छायाचित्रांची निराळी मुदत २०१२ च्या दुरुस्तीनें काढून टाकली, त्यामुळें आतां कर्त्याचें आयुष्य व त्यापुढें ६० वर्षें हाच नियम त्यांनाहि लागतो. याच कायद्याच्या ५७ व्या कलमानें कर्त्यास आपलें कर्तृत्व सांगण्याचा हक्क दिला असून, मालकी हक्क दुसऱ्यास विकला तरी तो उरतो. यावरून दोन गोष्टी निघतात. चित्राची प्रत विकत घेतल्यानें नांव गाळण्याचा अधिकार मिळत नाहीं. आणि नांव दिल्यानें परवानगीची गरज फिटत नाहीं. हीं दोन कर्तव्यें वेगवेगळीं आहेत. मुदत संपलेल्या चित्रास परवानगी नको असेल, पण संशोधकाच्या दृष्टीनें नांवाची गरज कधींच संपत नाहीं.

तेव्हां चित्राखालीं काय लिहावें? आमच्या मतें सहा गोष्टी पुरेत: चित्रांत काय आहे, स्थळ, काळ, व तो निश्चित कीं अदमासें, छायाचित्रकार, मूळ प्रत किंवा निगेटिव्ह कोणाच्या संग्रहीं आहे, आणि कांहीं कापलें अथवा जोडलें असल्यास त्याचा उल्लेख. दस्तऐवजाच्या पानाचें छायाचित्र असेल तर मूळ कागदाचा मालक व पानाचें चित्र घेणारा हीं दोन्ही नांवें द्यावींत. छायाचित्राचें पुन्हा छायाचित्र घेतलें असेल तर मूळ चित्रकार प्रथम व नक्कल करणारा नंतर. मोडी कागद छापतांना तो कोणाच्या दफ्तरांतला हें सांगण्याचा कटाक्ष आपण ठेवितों. तोच येथें ठेवावयाचा.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. जुनें चित्र चौकटींत बसविण्यापूर्वीं तें उलटून पाहावें. मागील शिक्का, पेन्सिलीचा आंकडा, हस्ताक्षर, अर्धवट तारीख, जें असेल तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें. शक्य असल्यास मागील बाजूचेंहि चित्र घ्यावें. आल्बम फोडूं नये, कारण चित्रांचा क्रम हाहि पुरावाच आहे. ज्या घरांतून चित्र आलें तेथील वडील माणसास, हें कोणीं काढलें, असें आजच विचारावें. राईसारख्या गांवीं आज कोणी तरुण विहिरीचें, बांधाचें किंवा पडक्या घराचें चित्र घेत असेल. त्याचें नांव व दिवस आपण आज लिहिला, तर पन्नास वर्षांनंतरच्या संशोधकास तो साक्षीदार नांवानिशीं सांपडेल. पुष्पिका लिहिण्याचें काम आपल्या पूर्वजांनीं पोथ्यांपुरतें केलें; छायाचित्रांपुरतें तें आपल्याकडे आलें आहे.