पांगारीचे शफी इनामदार

गेल्या महिन्यात दहावीतल्या एका मुलाचे अब्बा त्याला घेऊन आमच्या घाटकोपरच्या शाळेत आले. मुलगा शाळा बुडवून अंधेरीला, वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनच्या रांगेत उभा होता. "टीचर, याला तुम्हीच समजवा. सीरियलमध्ये काम करायचंय म्हणतो. दहावीनंतर शिकणार नाही म्हणतो. आपल्या खानदानात असं कधी झालं नाही," अब्बा म्हणाले. मुलगा खाली मान घालून पुटपुटला, "तिथे मार्कशीट कोण बघतं?"

बापाला त्या कामाची लाज वाटत होती आणि मुलाला शिक्षणाचे ओझे. दोघांनाही सांगावे असे एकच नाव आम्हाला आठवले, शफी इनामदार.

वाचकांपैकी चाळिशी ओलांडलेल्यांना १९८४ साल आठवत असेल. दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' ही मालिका सुरू झाली होती. आम्ही तेव्हा अगदी लहान होतो. चाळीत टीव्ही एकाच घरी. शुक्रवारी रात्री त्या घरात पाय ठेवायला जागा नसे. ईशाची नमाज आटोपून आलेली मोठी माणसेही दाराला टेकून उभी राहत. शरद जोशींचे लेखन, कुंदन शाह यांचे दिग्दर्शन. रणजीत वर्मा, त्याची बायको रेणू, घरी येऊन राहिलेला मेहुणा राजा आणि दर भागात नवे सोंग घेऊन येणारे सतीश शाह. रणजीत म्हणजे शफी इनामदार. बाकीचे धमाल उडवत आणि हा माणूस मात्र शांतपणे बघत राही. त्याच्या त्या गप्प राहण्यावरच जास्त हसू येई.

अमेरिकेत साबणाच्या कंपन्या रोजच्या मालिकांना पैसे पुरवत, म्हणून त्यांना 'सोप' हे नाव पडले. तिथे एकच नट वर्षानुवर्षे एकच भूमिका करतो आणि लोक त्याचे खरे नाव विसरतात. आपल्याकडेही तेच झाले. चाळीतल्या बायका त्यांना 'वर्माजी'च म्हणत. पडद्यावरचा हा वर्मा कोकणातल्या आपल्याच मुसलमान घरातला आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले.

त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९४५चा, रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातल्या पांगारी गावचा. पुढचे शालेय शिक्षण मुंबईत डोंगरी-उमरखाडी भागात झाले आणि के. सी. कॉलेजातून त्यांनी बी.एस्सी. केले. म्हणजे हा नट विज्ञानाचा पदवीधर होता. नाटकाचे वेड त्यांना होतेच. गुजराती रंगभूमीवरचे नामवंत दिग्दर्शक प्रवीण जोशी यांच्या हाताखाली ते शिकले. गुजराती, हिंदी, मराठी, इंग्रजी अशा चार भाषांत त्यांनी कामे केली, नाटके बसवली. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ साली सुरू झाले, तेव्हा तिथेही त्यांची नाटके होऊ लागली.

सिनेमात ते आले 'विजेता'मधून, १९८२ साली. पुढच्याच वर्षी 'अर्धसत्य'मध्ये त्यांनी इन्स्पेक्टर हैदर अलीची भूमिका केली. आणि 'ये जो है जिंदगी' आले, तेव्हा त्यांचे वय एकोणचाळीसच्या घरात होते. हा हिशेब आम्ही त्या मुलाला फळ्यावर मांडून दाखवला. शिक्षण पूर्ण केल्यावर साधारण वीस वर्षे रंगमंचावर घासल्यानंतर देशाने त्यांचा चेहरा ओळखला.

पुढे १९८८ साली गुलजार यांच्या 'मिर्झा गालिब' मालिकेत ते ज़ौक़ झाले, बादशहाचे उस्ताद. 'ज़ौक़' हा शब्दच नीट म्हणून बघा. त्यातला ज़ स्वच्छ आणि शेवटचा क़ घशातून यावा लागतो. गुजराती नाटकातून आलेला कोकणातला माणूस दिल्लीच्या दरबारी उर्दूत शोभून दिसला, तो काही योगायोगाने नव्हे. त्यांच्या पत्नी भक्ती बर्वे. दूरदर्शनवर मराठी बातम्या देणाऱ्या आणि 'ती फुलराणी' रंगमंचावर गाजवणाऱ्या. त्या नाटकाचा विषयही उच्चारांचाच!

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना आम्हाला हे रोज जाणवते. आमची मुले 'काळा'ला 'काला' म्हणतात, कारण उर्दूत ळ नाही. वर्गात कोणी हसले की ती मराठी बोलायचीच बंद होतात. मराठी ही दुसऱ्यांची भाषा, असे मनाशी धरून बसतात. शफी इनामदारांनी कोणतीही भाषा दुसऱ्याची मानली नाही.

१९९५ साली त्यांनी 'हम दोनों' हा चित्रपट दिग्दर्शित केला. काम रंगात आले होते. १३ मार्च १९९६ रोजी विश्वचषकाचा भारत-श्रीलंका उपांत्य सामना पाहत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. पन्नाशी ओलांडून पाच महिनेही झाले नव्हते. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

सगळे ऐकून अब्बा बराच वेळ गप्प होते. मग विचारले, "बी.एस्सी. होते?" आम्ही होकार दिला. "मग आधी कॉलेज होऊ दे. नंतर बघू," एवढेच ते बोलले. पण या आधी त्यांच्या तोंडी 'नाही' होते, आता 'बघू' आहे.

मुलगा आता शनिवारी शाळा सुटल्यावर थांबतो आणि मराठीचा एक उतारा मोठ्याने वाचतो. परवा त्याने 'दापोळी' म्हटले. नको तिथे ळ आला, म्हणजे जीभ वळू लागली आहे. आम्ही हसलो नाही. 'दापोली' असे सांगितले आणि पुढचे वाक्य वाचायला लावले.