पडलेला दात, सोंगताओ शी आणि आपल्या शाळेतली दुधाची पिशवी



पहिली-दुसरीच्या वर्गात "बाई, माझा दात पडला!" ही आरोळी आठवड्याला एकदा तरी ऐकू येतेच. मूल मूठ उघडून दाखवतं, सगळा वर्ग गोळा होतो. आपण दात कागदात गुंडाळून दप्तरात ठेवतो. घरी गेल्यावर आजी तो छपरावर फेकायला सांगते. जुना दात उंदराला द्यायचा आणि नवा मागायचा, हे आपण सगळ्यांनी लहानपणी केलेलं आहे.

आज अशाच एका पडलेल्या दाताची गोष्ट सांगायची आहे. त्यासोबत माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे, पण ती नीट कळण्यासाठी आधी थोडं विज्ञान पाहू.

दाताच्या आत काय असतं?

दात म्हणजे नुसता पांढरा दगड नव्हे. वरून इनॅमलचं कठीण आवरण असतं, त्याखाली डेंटिनचा थर आणि मध्यभागी मऊ गर. या गरात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात. कीड गरापर्यंत पोचली की ठणका लागतो तो यामुळेच.

सोंगताओ शी हे मुलांच्या दातांचे डॉक्टर आणि संशोधक. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा इथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा दंतसंशोधन विभाग आहे, तिथे ते काम करत होते. २००० साली स्टॅन ग्रोन्थोस, पामेला रोबी आणि शी यांच्या गटाने मोठ्या माणसांच्या काढलेल्या अक्कलदाढांच्या गरात मूलपेशी सापडल्याचं जाहीर केलं.

मूलपेशी म्हणजे काय, हे मुलांना सांगताना मी स्वयंपाकघरातली दोन उदाहरणं देते. कणकेच्या एकाच गोळ्यातून पोळी होते, पुरी होते, पराठाही होतो. तशी मूलपेशीपासून वेगवेगळ्या कामांच्या पेशी तयार होतात. दुसरं उदाहरण विरजणाचं. चमचाभर दह्यातून पातेलंभर दही लागतं आणि उद्यासाठी पुन्हा चमचाभर उरतंच. मूलपेशीही स्वतःसारख्या आणखी मूलपेशी तयार करते.

अक्कलदाढेतल्या या पेशी उंदराच्या शरीरात घातल्यावर तिथे डेंटिनसारखा थर आणि त्याच्या आत गरासारखी रचना तयार झाली. म्हणजे दाताला स्वतःची डागडुजी करण्याची थोडी का होईना शक्ती असते.

लेकीचा दात

आता मुख्य गोष्ट. शी यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात हलत होता. एके संध्याकाळी त्यांनी तो काढायला तिला मदत केली. दोघं बसून दात बघत होते, तेव्हा त्यांना आत काहीतरी लालसर दिसलं. दुसऱ्या दिवशी ते दात प्रयोगशाळेत घेऊन गेले. आत खरोखरच गर शिल्लक होता. काही दिवसांनी तिचा आणखी एक दात पडला. या वेळी त्यांनी तो लगेच पेशी वाढवण्याच्या द्रवात टाकला आणि गाडीने थेट प्रयोगशाळा गाठली. त्या गरातून जिवंत मूलपेशी मिळाल्या!

दुधाच्या दाताचं मूळ शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं, म्हणून तो हलतो आणि पडतो. मूळ गेलं तरी वरच्या भागात थोडा गर राहतो. पुढे सात-आठ वर्षांच्या मुलांचे पटाशीचे दात जमवून तपासले, तर एका दातातून साधारण १२ ते २० मूलपेशी मिळत होत्या. आकडा अगदी लहान आहे, पण या पेशी वाढत होत्या भराभर. २००३ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं.

विचार करा, मुलांचे दात पिढ्यान्‌पिढ्या पडतायत आणि आपण ते फेकतोय. शी यांनी त्या दातात निरखून पाहिलं. "निरीक्षण करा" असं आपण फळ्यावर लिहितो ना, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण पुढे काय झालं?

शोध लागला म्हणजे उपचार तयार झाला, असं होत नाही. हे मुलांनाही सांगायला हवं. २०१८ साली चीनमधल्या शिआन इथल्या डॉक्टरांनी शी यांच्यासोबत केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पडल्याझडल्याने पुढच्या कायमच्या दाताचा गर मेला होता, अशी ४० मुलं त्यात होती. ३० जणांच्या दातात त्यांच्याच दुधाच्या सुळ्यातून घेतलेल्या पेशी घातल्या आणि १० जणांवर नेहमीचे उपचार केले. पेशी घातलेल्यांपैकी चौघांना पुन्हा दुखापत झाल्याने त्यांना वगळावं लागलं. उरलेल्या २६ जणांच्या दातात पुन्हा रक्तवाहिन्या आणि नसा असलेला गर तयार झाला, मुळाची वाढही पुढे सुरू झाली.

पहिल्या दातापासून इथवर यायला पंधरा वर्षं लागली, आणि तरीही हा एक छोटा अभ्यासच आहे.

पालक मला विचारतात, "बाई, मुलाचे दात पैसे भरून बँकेत ठेवायचे का?" भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. नाळेतलं रक्त सोडून इतर ऊतींची अशी व्यावसायिक साठवण करायला त्यात परवानगी दिलेली नाही. त्यामुळे जाहिरात पाहून घाई करू नका. दात छपरावर फेकला म्हणून आपण मुलाचं नुकसान केलं, असंही मनात आणू नका.

आता माझी चूक

शी यांच्या गटाने २००४ साली आणखी एका जागी मूलपेशी शोधल्या. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांना बांधून ठेवणारा एक पातळ पडदा असतो, त्यात. हे मी वाचलं आणि मला तिसरीतला आमचा एक विद्यार्थी आठवला.

मधल्या सुट्टीत तो पायरीवर पडला आणि पुढचा दात मुळासकट निघाला. दात कायमचा होता. मी तो उचलला, नळाखाली चांगला घासून स्वच्छ केला आणि कोरड्या कागदात गुंडाळून त्याच्या आईकडे दिला. मला वाटलं, मी नीट काम केलं. डॉक्टर म्हणाले, "इतका घासलात, तिथेच चुकलं." मुळाला चिकटलेल्या त्या पडद्याच्या पेशी जिवंत होत्या. काही मी घासून काढल्या, उरलेल्या कागदात सुकून मेल्या. त्यांनी दात बसवला, पण किती टिकेल याची खात्री देता येणार नाही म्हणाले.

म्हणून हे लिहून कार्यालयात लावा:

१. कायमचा दात निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका.

२. माती लागली असेल तर हलकेच विसळा. घासू नका, पुसू नका.

३. मूल शांत असेल आणि जमत असेल तर दात लगेच त्याच जागी बसवा. नाही जमलं तर थंड दुधात बुडवून ठेवा. कागद, रुमाल किंवा साधं पाणी नको.

४. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दातांच्या डॉक्टरांकडे पोचा.

५. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. खालच्या नव्या दाताला इजा होऊ शकते. तरी डॉक्टरांना दाखवाच.

आमच्या शाळेत चहासाठी रोज दुधाची पिशवी येते. आता त्यातलं पेलाभर दूध शाळा सुटेपर्यंत झाकून बाजूला ठेवतो. आजवर त्याची गरज पडलेली नाही, पुढेही न पडो!

उद्या वर्गात कुणाचा दात पडला, तर कागदात गुंडाळण्याआधी भिंग घेऊन सगळ्यांना तो आतल्या बाजूने बघू द्या. लाल ठिपका दिसतो का, एवढंच विचारा. बाकीचे प्रश्न मुलं स्वतःच विचारतील.