मेणाची डबी

आजीच्या फणेरपेटीत आरसा, फणी आणि कुंकवाचा करंडा यांच्या शेजारी एक पितळी डबी असायची. तिच्यात मेण. सकाळी न्हाणं झालं की बोटानं कपाळावर मेणाचा टिपका लावायचा आणि त्यावर कुंकू. दिवसभराच्या घामानंही ते फिसकटत नसे. थंडीत अंग उलायला लागलं की तीच डबी आमच्या फुटलेल्या ओठांसाठी उघडली जायची. मेण आणि खोबरेल, एवढंच त्यात असायचं. गेली काही वर्षं दर दिवाळीनंतर मी घरी तेच करते. तेलं थोडी बदलली आहेत, पण रीत तिचीच.

मेण येतं महाबळेश्वर भागातल्या एका मधपाळाकडून. याच तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. डोंगरातल्या पेट्यांमध्ये असते ती सातेरी माशी. साधारण 12 ते 18 दिवसांच्या कामकरी माशीच्या पोटाखालच्या आठ ग्रंथींतून मेणाचे पातळ, पारदर्शक पापुद्रे बाहेर येतात. ते जबड्यानं चावून, मऊ करून माश्या पोळं बांधतात. हे मेण तयार होतं ते त्यांनी खाल्लेल्या मधातून. किलोभर मेणामागे कित्येक किलो मध खर्ची पडतो. म्हणून चांगला मधपाळ यंत्रात मध काढून घेतो आणि रिकामं पोळं चौकटीसकट माश्यांना परत देतो. आपल्या हाती येतं ते मधाच्या घरांवरच्या झाकणांचं आणि जुन्या, काळवंडलेल्या पोळ्यांचं मेण. संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट म्हणतात, म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेलं.

माझ्याकडे येणारी ढेप तपकिरी असते. तिच्यात माशीचे पंख असतात, पोळ्याचा कचरा असतो. जुन्या पातेल्यात पाणी घालून मी ती मंद आचेवर ठेवते. वितळलं की फडक्यातून गाळून तसंच रात्रभर राहू देते. सकाळी पाण्यावर पिवळी चकती तरंगत असते. तिच्या तळाला चिकटलेला गाळ सुरीनं खरवडायचा, चकती पुसायची आणि पुरती वाळू द्यायची. अस्सल मेण मोडलं की कडा निस्तेज, रवाळ दिसते. तुकडा तळहातावर मळला की मऊ होतो आणि मधाचा वास येतो.

प्रमाण सोपं आहे. एक भाग मेण, पाच भाग तेल. मी 20 ग्रॅम मेणाला 80 ग्रॅम लाकडी घाण्याचं तिळाचं तेल आणि 20 ग्रॅम कोकमाचं तेल घेते. तीळतेल आणि मेण यांच्या अशा मिश्रणाला आयुर्वेदात सिक्थतैल म्हणतात. सिक्थ म्हणजे मेण. कोकमाच्या तेलाला कोकणात कुठे मुठेल म्हणतात, कुठे भिरंडेल. सालीची आमसुलं होतात आणि मागे राहतात बिया. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर येतं. ते थिजलं की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. टाचांच्या भेगांवर कोकणातल्या बायका हाच गोळा दिव्यावर गरम करून लावत आल्या आहेत.

मेण थेट आचेवर कधीच ठेवू नये, ते पेट घेतं. पातेल्यात पाणी, पाण्यात स्टीलचं भांडं आणि त्या भांड्यात मेण. ते 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं. आधी कडा ओल्या दिसतात, मग तुकडे एकेक करून पारदर्शक होत जातात. या वेळी गार तेल ओतलं तर मेण लगेच गोळा होऊन बसतं. म्हणून तीळतेल आधी कोमट करून बारीक धारेनं सोडायचं आणि कोरड्या काडीनं ढवळत राहायचं. कोकमाचं तेल सगळ्यात शेवटी, आच बंद करून. भांडं उचललं की आधी त्याचं बूड पुसायचं. तिथला पाण्याचा एक थेंबही बरणीत जायला नको.

मग परीक्षा. गार ताटलीवर एक थेंब टाकायचा, थिजू द्यायचा आणि बोटानं दाबायचा. घट्ट वाटला तर चमचाभर तेल, फार मऊ वाटला तर चिमूटभर मेण घालून पुन्हा वितळवायचं. नागपूरच्या उन्हाळ्यात जास्त मेण लागेल, पुण्याच्या डिसेंबरात कमी. बरण्या काचेच्या, उन्हात कडकडीत वाळवलेल्या. ओतल्यावर काठाकडून पांढुरकी साय धरते, ती आत सरकते आणि अर्ध्या तासात सगळं फिक्या पिवळ्या लोण्यासारखं होतं. पूर्ण गार होईपर्यंत झाकण लावायचं नाही.

पहिल्या वर्षी मला वाटलं, बाजारातल्या क्रीमसारखं हलकं व्हावं. म्हणून गुलाबपाणी घालून घोटलं. सुंदर, पांढरं झालं. दोन आठवड्यांत बरणीच्या काठावर हिरवी बुरशी आली आणि सगळं टाकावं लागलं. मेण-तेलात जंतूंना पाणी मिळत नाही, म्हणून ते महिनोन्‌महिने टिकतं. पाणी घातलं की परिरक्षक हवाच. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याच्या नावावर मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी यांच्या लेपाची कृती सांगितली जाते. तसा लेप त्याच्या काळीही ताजाच करून वापरावा लागला असणार. घरी करणाऱ्यानं पाण्याच्या वाटेला जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

कारण पाणी बरणीत नव्हे, अंगावर हवं. हे मलम त्वचेला ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवतं. कोरड्या ठणठणीत हातावर चोळलं तर नुसता तेलकटपणा येतो. अंघोळीनंतर अंग टिपून, ते ओलसर असतानाच लावलं तर वाटाण्याएवढं दोन्ही हातांना पुरतं. आजी न्हाणं झाल्यावरच डबी का उघडायची, ते मला बरणी हातात घेतल्यावर कळलं.

तुम्ही करणार असाल तर पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट पाहा. जखमेवर लावू नका. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, ते थिजून पाइप तुंबतो. भांडी गरम असतानाच कागदानं पुसून घ्या. आणि मेण अशा मधपाळाकडून घ्या, जो पोळं पिळत नाही, माश्यांना परत देतो. थोडं महाग पडेल. पण 20 ग्रॅम मेणात घरातल्या चौघांची थंडी निघते.